ध्वजाचा मानाचा कोपरा

फडकणाऱ्या ध्वजाचे सर्व भाग सारखे दिसत नाहीत आणि सारखे टिकतही नाहीत. काठीला बांधलेली कड ताठ राहते, तर मोकळे टोक वाऱ्याचे फटकारे खाऊन आधी विरते आणि मग फाटू लागते. वारा पडला की सारे कापड काठीलगत लोंबते, आणि अशा वेळी काठीजवळचा वरचा भागच काय तो ओळखू येतो. ध्वजाच्या चार कोपऱ्यांपैकी वरचा, काठीलगतचा कोपरा मानाचा ठरण्याचे पहिले कारण असे अगदी व्यवहारातले आहे. ध्वजांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात या कोपऱ्यातील वेगळ्या रंगाच्या चौकटीला ‘कँटन’ म्हणतात. तिच्याखेरीज उरणाऱ्या मुख्य कापडाला येथे ध्वजपट म्हटले आहे.

दुसरे कारण युरोपातील मध्ययुगीन ढालचिन्हांच्या परंपरेत सापडते. ढाल धरणाऱ्या योद्ध्याच्या उजव्या हाताकडील, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडील वरचा कोपरा त्या परंपरेत श्रेष्ठ मानला जाई, आणि राजाने एखाद्या सरदारावर विशेष मर्जी दाखवली तर तिचे चिन्ह पुष्कळदा त्याच जागी बसवले जाई. म्हणजे ढाल सरदाराची, तिच्यावरचे कुलचिन्ह त्याच्या घराण्याचे, आणि कोपरा मात्र ज्याच्याकडून मान मिळाला त्या धन्याचा. राष्ट्रध्वजांच्या कोपऱ्यात बसलेले क्रूस, तारे, सूर्य आणि चंद्रकोरी यांचा अर्थ लावताना ही वाटणी ध्यानात ठेवावी लागते, कारण ध्वजपटावरून ध्वज कोणाचा हे कळते, पण तो ध्वज लावणारा कोणाची सत्ता मानतो हे बहुधा कोपराच सांगतो. देशाची निष्ठा बदलली की सर्वांत आधी कोपऱ्याला हात का लागतो, याचा उलगडाही येथेच होतो.

ही रीत पक्की झाली ती समुद्रावर. शिडाच्या जहाजांच्या काळात क्षितिजावर दिसलेले जहाज मित्राचे की शत्रूचे हे दुर्बिणीतून निशाण पाहूनच ठरवावे लागे, आणि चुकीची किंमत तोफगोळ्यांनी चुकवावी लागे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमाराचे लाल, पांढरा आणि निळा असे तीन ताफे होते. प्रत्येक ताफ्याचा ध्वजपट आपापल्या रंगाचा असला तरी कोपरा तिन्हींचा एकच असे, त्यामुळे कोपऱ्यावरून देश कळे आणि ध्वजपटावरून ताफा. आरंभी या कोपऱ्यात इंग्लंडचा संरक्षक संत मानल्या गेलेल्या सेंट जॉर्जचा, पांढऱ्यावर लाल असा क्रूस होता. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड ही राज्ये एक झाल्यावर तेथे दोन्ही देशांच्या क्रुसांचा संयुक्त ध्वज आला, आणि १८०१ मध्ये आयर्लंड जोडले जाताच सेंट पॅट्रिकचा तिरपा लाल क्रूस त्यात मिसळून आजचा ओळखीचा युनियन जॅक तयार झाला. पुढे १८६४ मध्ये ताफ्यांची विभागणीच रद्द झाली. पांढरे निशाण आरमाराकडे राहिले, लाल निशाण व्यापारी जहाजांना आणि निळे निशाण सरकारी कामावरील जहाजांना मिळाले.

याच पद्धतीचे एक निशाण कोकण किनाऱ्याने फार जवळून पाहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या निशाणावर लाल व पांढरे आडवे पट्टे असत, त्यांची संख्या नऊपासून तेरापर्यंत बदलती असे, आणि कोपऱ्यात आधी सेंट जॉर्जचा क्रूस व १७०७ नंतर संयुक्त ध्वज असे. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले, आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने ज्या कंपनीच्या जहाजांना जेरीस आणले, त्या कंपनीची ओळख हे पट्टे होते. पट्टे व्यापारी मंडळीचे आणि कोपरा ज्याच्या सनदेवर ही मंडळी व्यापार करीत होती त्या राजसत्तेचा, अशी ही सरळ विभागणी होती. कंपनी हा नुसता वखारींचा व्यवहार आहे की तिच्या मागे एक राज्य उभे आहे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या निशाणावर उघड लिहिलेले होते.

अमेरिकेच्या ध्वजाचा इतिहास या विभागणीवाचून नीट समजत नाही. १७७५ च्या अखेरीस, लढाई सुरू झालेली पण स्वातंत्र्य अजून जाहीर न झालेले अशा अवस्थेत, तेरा वसाहतींनी जे निशाण उभारले त्यावर तेरा लाल-पांढरे पट्टे होते आणि कोपऱ्यात चक्क ब्रिटनचा संयुक्त ध्वज होता. कंपनीच्या निशाणाशी त्याचे साम्य इतके आहे की अभ्यासकांनी त्यावरून अनेक तर्क केले, परंतु एकावरून दुसरे बेतले असे सिद्ध करणारा कागद पुढे आलेला नाही. महत्त्वाचे हे की हा ध्वज त्या क्षणाचे राजकारण अचूक मांडतो: वसाहती तेरा आहेत, एकजुटीने उभ्या आहेत, हक्कांसाठी लढत आहेत, पण राजाशी नाते त्यांनी अजून तोडलेले नाही. १७७६ मध्ये ते तुटले, आणि १४ जून १७७७ च्या ठरावाने संयुक्त ध्वजाच्या जागी निळ्या पटावर तेरा पांढरे तारे आले. ठरावात त्यांना नवे तारकामंडल म्हटले होते. पट्ट्यांना कोणी हात लावला नाही. साम्राज्यातून बाहेर पडण्याची घोषणा ध्वजाच्या एकपंचमांशाहून थोड्या मोठ्या भागात मावली.

या कोपऱ्याने पुढे आणखी एक पेच सोडवला. व्हर्माँट आणि केंटकी ही राज्ये सामील झाल्यावर १७९५ पासून तारे व पट्टे दोन्ही पंधरा करण्यात आले, पण राज्ये वाढतच चालली आणि प्रत्येक राज्यामागे एक पट्टा वाढवल्यास पट्टे इतके अरुंद होणार की दुरून सारे कापड गुलाबी दिसू लागणार, हे ध्यानात आले. १८१८ च्या कायद्याने पट्टे कायमचे तेरा ठरवले आणि वाढ केवळ ताऱ्यांत करावयाची, नव्या राज्याचा तारा त्यानंतरच्या ४ जुलैला मिळवावयाचा, असा नियम घातला. इतिहास स्थिर राहिला ध्वजपटात आणि वर्तमान वाढत गेला कोपऱ्यात. ध्वजरचनेच्या साऱ्या इतिहासात इतका समंजस निर्णय क्वचितच झाला असेल. तारे कसे मांडावेत हे मात्र कायद्याने सांगितले नव्हते, त्यामुळे कोणी वर्तुळात, कोणी ओळींत, कोणी एका मोठ्या ताऱ्याच्या आकारात ते शिवीत राहिले, आणि १९१२ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांच्या आदेशाने मांडणी व प्रमाणे निश्चित झाली. ४ जुलै १९६० पासूनची आजची मांडणी पन्नास ताऱ्यांची आहे: सहा ताऱ्यांच्या पाच ओळी आणि त्यांच्या मध्ये पाच ताऱ्यांच्या चार.

पट्ट्यांच्या ध्वजावर चौकट बसवणे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेच्या ध्वजावर निळी चौकट वरच्या सात पट्ट्यांइतकी उंच आहे. पट्ट्यांची सुरुवात लाल रंगाने होत असल्याने तिच्या खालच्या कडेला आठवा, पांढरा पट्टा लागतो आणि निळ्याची कड स्वच्छ उठून दिसते. ग्रीसच्या ध्वजावर नऊ पट्टे आहेत, त्यांतील पहिला निळा. पांढऱ्या क्रुसाची निळी चौकट पाच पट्ट्यांची, म्हणून तिच्या खाली सहावा पांढरा पट्टा येतो. उरुग्वेच्या ध्वजाचे गणित याच्या बरोबर उलट आहे, कारण तेथे सोनेरी ‘मे महिन्याचा सूर्य’ पांढऱ्या चौकटीत आहे. पट्ट्यांची सुरुवात पांढऱ्याने होते, चौकट पाच पट्ट्यांची आहे आणि तिच्या खाली निळा पट्टा येतो. टोगोच्या हिरव्या-पिवळ्या पाच पट्ट्यांवरील लाल चौकट तीन पट्ट्यांची असून तिच्या खाली पिवळा येतो. चौकट विषम संख्येच्या पट्ट्यांवर बसवली की हा विरोध आपोआप साधतो. मलेशियाच्या ध्वजावर मात्र चौकट आठ पट्ट्यांची आहे, त्यामुळे निळ्याखाली थेट लाल येतो आणि कड जराशी जड दिसते. आकाराच्या बाबतीतही एक मर्यादा बहुतेकांनी पाळली आहे: चिलीच्या ध्वजावरील चौकट एकूण क्षेत्राच्या एकषष्ठांश, ग्रीस व अमेरिका यांची एकपंचमांशाच्या आसपास, आणि ब्रिटिश धर्तीच्या निशाणांची थेट एकचतुर्थांश. याहून लहान चौकट दुरून नुसत्या डागासारखी दिसेल, आणि याहून मोठी झाली तर तिला कोपरा म्हणता येणार नाही.

ब्रिटिश साम्राज्याने कोपऱ्याचा उपयोग सर्वांत पद्धतशीरपणे केला. १८६५ च्या वसाहतींच्या नौदल-संरक्षणविषयक कायद्यानंतर वसाहतींच्या सरकारी जहाजांनी निळे निशाण लावावे, कोपऱ्यात युनियन जॅक ठेवावा आणि मोकळ्या बाजूला आपापल्या वसाहतीचे बोधचिन्ह घालावे, अशी रीत पडली. जगभर एकाच साच्याची निशाणे तयार झाली आणि फरक राहिला तो केवळ बोधचिन्हाचा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचे राष्ट्रध्वज याच साच्यातून निघाले आहेत. दोन्हींवर दक्षिण गोलार्धातून दिसणाऱ्या सदर्न क्रॉस या तारकासमूहाचे तारे आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या ध्वजावर कोपऱ्याच्या खाली आणखी एक मोठा तारा आहे, ज्याला १९०८ पासून सात टोके आहेत. कॅनडाने वादळी चर्चेनंतर १५ फेब्रुवारी १९६५ रोजी युनियन जॅक असलेले लाल निशाण उतरवले आणि मेपलच्या पानाचा ध्वज चढवला.

सर्वांनी तसे केले नाही, आणि ज्यांनी केले नाही त्यांच्याकडे केवळ परावलंबी वृत्तीचे लोक म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. न्यूझीलंडमध्ये दोन टप्प्यांत सार्वमत घेण्यात आले आणि मार्च २०१६ मधील अंतिम टप्प्यात ५६.६ टक्के मतदारांनी जुनाच ध्वज पसंत केला. तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने १९९० च्या दशकाच्या मध्यास युनियन जॅक काढून टाकला आणि १९९७ मध्ये लोकांच्या नाराजीनंतर तो परत आणला. फिजी १९८७ मध्ये प्रजासत्ताक झाले, ब्रिटनची राणी त्या देशाची राणी उरली नाही, तरी ध्वजाचा कोपरा तसाच आहे. २०१५ मध्ये तो बदलण्याची सरकारी घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी, फिजीच्या रग्बी संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकल्यावर त्याच ध्वजाभोवती जो उत्साह उसळला तो पाहून, सोडून देण्यात आली. हवाई हे तर अमेरिकेचे राज्य, आणि तरीही त्याच्या ध्वजाच्या कोपऱ्यात युनियन जॅक आहे. निष्ठा संपून गेल्यावरही सवय आणि आठवण कोपऱ्यात टिकून राहतात, एवढे यावरून दिसते.

ज्या देशांनी ही मांडणी आपखुशीने उचलली त्यांनी तिच्यात आपापला आशय भरला. अमेरिकेतून गेलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या लायबेरियाने १८४७ मध्ये अकरा पट्टे व कोपऱ्यात एकच तारा असा ध्वज घेतला. जहाजनोंदणीच्या सवलतींमुळे आज तो हजारो परदेशी मालकीच्या जहाजांवर फडकतो. मलायाने स्वीकारलेल्या ध्वजावर अकरा पट्टे व अकरा टोकांचा तारा होता, १९६३ मध्ये मलेशिया अस्तित्वात येताच दोन्ही चौदा झाले, आणि १९६५ मध्ये सिंगापूर वेगळे झाल्यावरही संख्या न बदलता चौदाव्या पट्ट्याला संघसरकाराचा अर्थ देण्यात आला. चीनच्या ध्वजावर चौकट आखलेली नाही, तरी सारी रचना कोपऱ्यातच आहे. वरचा चतुर्थांश भाग पंधरा उभ्या व दहा आडव्या घरांत विभागून मोठ्या ताऱ्याचे केंद्र काठीपासून पाचव्या व वरून पाचव्या रेघेच्या छेदावर घेतात. चार लहान तारे त्याच्या उजवीकडे कमानीत असतात आणि प्रत्येकाचे एक टोक मोठ्या ताऱ्याच्या केंद्राकडे अचूक वळलेले असते. मोठा तारा कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाचा, लहान तारे त्याच्याभोवती एकवटलेल्या जनतेचे. झेंग लियानसोंग यांच्या मूळ आराखड्यात मोठ्या ताऱ्यात विळा-हातोडाही होता, तो निवडीच्या वेळी वगळला गेला.

कोपरा धर्माचा किंवा शौर्याचाही असू शकतो. टोंगा या पॅसिफिकमधील राज्याचा आरंभीचा ध्वज पांढऱ्यावर लाल क्रूस असा होता, परंतु रेडक्रॉस संघटनेचे चिन्ह हुबेहूब तसेच निघाल्याने ध्वजपट लाल करून तो क्रूस कोपऱ्यातील पांढऱ्या चौकटीत नेण्यात आला. हा ध्वज कधीही बदलू नये, असे १८७५ च्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे. माल्टाच्या ध्वजाच्या कोपऱ्यात तर प्रत्यक्ष एक पदक आहे. दुसऱ्या महायुद्धात इटली व जर्मनी यांच्या बॉम्बवर्षावाखाली तग धरणाऱ्या या बेटाच्या साऱ्या जनतेला राजा सहावा जॉर्ज याने १५ एप्रिल १९४२ रोजी जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले. १९६४ च्या स्वातंत्र्यानंतर आणि १९७४ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावरही माल्टाने ते ध्वजावर ठेवले आहे. परक्या राजाने दिलेले असले तरी ते लोकांनी भोगलेल्या हालांचे पदक आहे, आणि ते ठेवण्यात कमीपणा काही नाही.

भारतात या कोपऱ्याचा प्रश्न दोनदा उभा राहिला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे लोकमान्य टिळकांनी आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासेत ॲनी बेझंट यांनी होमरूल लीगची स्थापना केली, आणि १९१७ मध्ये या चळवळीचा जो ध्वज पुढे आला त्यावर पाच लाल व चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षींच्या मांडणीतील सात तारे, मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात चंद्रकोर व तारा, आणि काठीलगतच्या मानाच्या कोपऱ्यात युनियन जॅक होता. टिळकांच्या नावाशी जोडलेल्या ध्वजावर युनियन जॅक पाहून आजचा मराठी वाचक चकित होईल. परंतु होमरूलची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळवण्याची, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांना होता तसा दर्जा मिळवण्याची होती, आणि त्या मागणीचे शब्दशः चित्र काढले तर ते असेच निघेल. १७७५ मधील अमेरिकन वसाहतींचा ध्वज आणि १९१७ मधील होमरूलचा ध्वज हे एकाच राजकीय टप्प्यावरचे ध्वज आहेत. लोकांनी तो मनापासून स्वीकारला नाही, कारण लोकांची आकांक्षा त्या टप्प्याच्या पुढे निघाली होती.

दुसरा प्रसंग १९४७ चा. सत्तांतराच्या वाटाघाटींत माउंटबॅटन यांनी भारत व पाकिस्तान या दोन्ही नव्या अधिराज्यांच्या ध्वजांत कोपऱ्यात लहान युनियन जॅक असावा असे सुचवले, आणि दोन्हीकडच्या नेत्यांनी ते नाकारले. गांधीजींना मात्र या सूचनेत गैर वाटले नव्हते; आपले नुकसान ब्रिटिशांनी केले, त्यांच्या ध्वजाने नव्हे, अशा आशयाचे मत त्यांनी मांडले. त्यांच्या अहिंसेशी ते सुसंगत असले तरी निर्णय नेत्यांनी घेतला तोच योग्य होता, कारण कोपऱ्यातले चिन्ह औदार्य म्हणून ठेवले तरी जगात त्याचा अर्थ अधीनता असाच लावला गेला असता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या तिरंग्याचे चारही कोपरे मोकळे आहेत आणि चिन्ह मध्यभागी आहे. मानाच्या जागेचा विचार मात्र भारतीय ध्वजसंहितेतही शिल्लक आहे: ध्वज भिंतीवर उभा लावताना केशरी पट्टा ध्वजाच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे असला पाहिजे, आणि अमेरिकेच्या ताऱ्यांच्या चौकटीचा नियमही हाच आहे.

राष्ट्रध्वजाने नाकारलेली मांडणी भारताच्या नौदलाने ठेवली, पण कोपऱ्याचा धनी बदलून. २६ जानेवारी १९५० रोजी ब्रिटिश धर्तीच्या पांढऱ्या निशाणावर युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला आणि सेंट जॉर्जचा लाल क्रूस तसाच राहिला. अमेरिकेने १७७७ मध्ये केले त्याच जातीचे हे पाऊल होते. २००१ मध्ये क्रूस काढून त्या जागी नौदलाचे निळे बोधचिन्ह घातले, पण आकाश आणि पाण्याच्या निळाईत ते उठून दिसेना, म्हणून २००४ मध्ये क्रूस परत आला आणि त्याच्या छेदावर अशोकस्तंभाचे सिंह बसले. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे, विक्रांत ही विमानवाहू नौका ताफ्यात दाखल होत असताना, नवे निशाण आले. त्यात क्रूस नाही. मोकळ्या बाजूला दुहेरी सोनेरी कडांचा निळा अष्टकोन असून त्यात नांगर, त्यावर राजचिन्ह आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद आहे, आणि या अष्टकोनाची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतून घेतलेली आहे. कोकणात आरमार उभारणाऱ्या राजाची मुद्रा भारतीय नौदलाच्या निशाणावर यावी याला फार उशीर झाला, पण ती आली हे उत्तम झाले. त्या दिवशी ध्वजपट बदलला आणि तिरंग्याचा कोपरा जागचा हलला नाही.

हवाई दलाच्या फिकट निळ्या ध्वजावर, तटरक्षक दलाच्या निळ्या निशाणावर आणि भारतीय व्यापारी जहाजांच्या लाल निशाणावरही मानाचा कोपरा तिरंग्याचाच आहे. व्यापारी जहाजांचा लाल रंग १८६४ च्या ब्रिटिश वाटणीतून आलेला असल्याने तो वसाहतीचा अवशेष म्हणून काढून टाकावा, असे म्हणता येईल. पण ध्वजपटाचा रंग जहाज कोणत्या कामाचे एवढेच सांगतो, आणि ते कोणत्या देशाचे हे सांगण्याची जागा आता भारताच्या ताब्यात आहे.